सव्वीस तारखेची जागा

आमच्याकडे सप्टेंबर आला की दोन गोष्टी ठरलेल्या. झाडं पिवळी पडायला लागतात, आणि टीव्हीवरचे लोक सरकार बंद पडणार म्हणून ओरडायला लागतात. झाडं निदान खरंच पिवळी पडतात.

मी लॉरेटा पिंकनी. राजधानीपासून अर्ध्या तासावरच्या एका सरकारी संशोधन रुग्णालयात सत्तावीस वर्षं नोकरी करते. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी देशभरातून रोगी येतात, त्यांच्या तारखा मी लावते. डॉक्टर मोठे, औषधं त्याहून मोठी. पण कोणी कुठल्या दिवशी किती वाजता यायचं, हे माझ्या हातात. निदान मला तसं वाटायचं.

सरकारचं खर्चाचं वर्ष तीस सप्टेंबरला संपतं. त्याच्या आत दोन्ही पक्षांनी पुढच्या वर्षाच्या खर्चाला मंजुरी द्यायची असते. ते देत नाहीत. एकमेकांची गचांडी धरून शेवटच्या दिवसापर्यंत बसतात आणि अगदी शेवटच्या घटकेला सही करतात. हा तमाशा मी एकोणीस-वीस वेळा तरी पाहिला असेल. दोनदा खरंच बंद पडलं, पण तेव्हा आमच्या खात्याचे पैसे आधीच मंजूर झाले होते. आम्ही कामावर गेलो आणि गाडी लावायला दारासमोरची जागा मिळाली म्हणून खूश झालो. आमच्या कपाटात 'बंद'ची एक फाइल असते, कामकाज कसं गुंडाळायचं याच्या सूचनांची. दर सप्टेंबरात ती निघते, वरचं वर्ष खोडून नवं लिहितात, आणि परत कपाटात जाते. रोज मरे त्याला कोण रडे!

यंदा त्यांनी त्यात कर्जमर्यादाही गुंतवली होती. म्हणजे नव्या खर्चाला मंजुरी नाही, आणि आधी केलेल्या खर्चापायी लागणारं कर्ज काढायलाही परवानगी नाही. जो आधी माघार घेईल तो हरला. माझा नवरा क्लॅरेन्स निवृत्त पोस्टमन आहे. तो टीव्हीसमोर बसून म्हणाला, "दोघं समोरासमोरून गाड्या भरधाव हाकताहेत, लॉरेटा. मजा अशी की दोन्ही गाड्यांत आपणच बसलोय."

बावीस सप्टेंबरला, सोमवारी, हॉबर्ट टॅकेट यांचा फोन आला. केंटकीच्या डोंगरातला माणूस, बाईचं लग्न झालेलं असलं तरी मानानं 'मिस'च म्हणणारा. चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत करवतीवर काढलेली, बायको वारलेली. मुलगी रेनी चौतीस वर्षांची, शाळेची बस चालवायची. तिच्या यकृतात पित्ताच्या नळीजवळ गाठ होती. तिकडचे उपाय संपले होते आणि आमच्याकडच्या एका औषधाच्या चाचणीत ती बसत होती. तिची तारीख मी एक ऑक्टोबर लावली होती.

"मिस लॉरेटा, एक तारखेपासून तुमचं दुकान बंद होणार म्हणताहेत."

"दुकान नाही हो, सरकार."

"तेच ते. मी काय म्हणतो, रेनीला आधी आणलं तर? या शुक्रवारी, सव्वीसला?"

मी पाहिलं. सव्वीसची दहाची जागा खरंच रिकामी होती. एका बाईंनी त्याच सकाळी नाव काढून घेतलं होतं. मी त्यांना तसं सांगितलंही. तिथेच थांबले असते तर!

"पण शनिवारी तुमच्या चर्चमध्ये तिच्यासाठी जेवण आहे म्हणाला होतात ना?"

"आहे ना. खिमा-राजम्याची पाच पातेली चढणार आहेत. तिच्या बसमधली पोरं गाणं बसवताहेत. तिला काही सांगितलेलं नाही. बापाला गुपित ठेवता येत नाही, असं वाटतं तिला." ते हसले. "पण ते राहिलं तरी चालेल."

"राहायला कशाला हवं? जेवा निवांत. हे दरवर्षी असंच बोंबलतात. तीसला रात्री सही होईल आणि एक तारखेला तुम्ही माझ्यासमोर बसलेले असाल."

"नक्की ना?"

"मिस्टर टॅकेट, मी सत्तावीस वर्षं बघतेय."

"मग झालं. तुम्ही म्हणता म्हणजे झालं."

या चाचणीचे नियम कडक होते. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, आणि मोजमापाचा स्कॅन अठ्ठावीस दिवसांपेक्षा जुना नको. रेनीचा स्कॅन आठ सप्टेंबरचा होता. त्यात गाठ चार पूर्णांक चार भरली होती. हे सगळं माझ्या समोरच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी तो कागद वाचून नाही, तर टीव्ही वर्षानुवर्षं पाहून सल्ला दिला.

तीस तारखेला सही झाली नाही.

एक ऑक्टोबरला आम्हाला फक्त चार तासांसाठी बोलावलं होतं. कामकाज गुंडाळायचं, कागदावर सही करायची आणि घरी जायचं. पुन्हा बोलावेपर्यंत काम करायचं नाही, फुकटसुद्धा नाही. कायदाच तसा आहे. मंजूर पैशाशिवाय सरकारी माणसानं ऑफिसचा नुसता निरोप ऐकला तरी तो गुन्हा. जगात कामचुकारांना शिक्षा होते, आमच्याकडे काम केलं तर होते.

मी आत शिरले तर समोरच्या बाकावर ते दोघं बसलेले. आदल्या दिवशी पहाटे गाडी काढून नऊ तास चालवत आले होते. तीसला सकाळी मी फोन केला तेव्हा ते वाटेत डोंगरात होते, फोन लागलाच नव्हता. हॉबर्ट उठले आणि त्यांनी टोपी काढली. रेनी हडकुळी होती, पण डोळे मिस्कील.

"तुम्हीच मिस लॉरेटा? आवाजावरून मला वाटलं होतं, उंच असाल."

"आवाज तेवढा उंच आहे," मी म्हणाले.

"शनिवारी पोरांनी काय गायलंय! एकही सूर लागला नाही. मी इतकी रडले की पाद्रीबुवांना वाटलं, प्रवचनाचा परिणाम."

मी त्यांना तिथेच बसवून आमचे साहेब मिस्टर ब्रिल यांच्याकडे गेले. त्यांच्या हातात ती फाइल होती. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मी ती उघडलेली पाहिली.

"आधीपासून भरती आहेत त्यांचे उपचार चालू राहतील," ते म्हणाले. "नवे रोगी घ्यायचे नाहीत."

"एकही नाही?"

"जीव तातडीच्या धोक्यात असेल तर वर नाव पाठवायचं. या चाचणीच्या डॉक्टर क्वाननी तिचं नाव पाठवलंय. बघू."

उत्तर साडेअकराला आलं. ब्रिल ते हातात घेऊन स्वतः बाहेर आले. तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दुसरा कोणी असता तर त्यानं मलाच पाठवलं असतं.

"नामंजूर. प्रकृती स्थिर आहे असं लिहिलंय."

"स्थिर!" रेनी म्हणाली. "बाबा, गावाला कळवा. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला स्थिर म्हणालं."

हॉबर्ट हसले नाहीत. "साहेब, मला अडाण्याला समजावून सांगा. तिचा जीव धोक्यात नाही?"

"आहे," ब्रिल म्हणाले. "पण या आठवड्यात नाही."

"म्हणजे अजून बिघडायला हवी होती?"

"तसं नाही."

"मग कसं?"

ब्रिलनी फाइल मिटली. सांगण्यासारखं होतं काय? जास्त बिघडली तर चाचणीत बसत नाही, आणि पुरेशी बिघडली नाही तर अपवादात बसत नाही. हा नियम कोणा दुष्टानं केला असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. तो चांगल्या माणसांनीच, विचार करून, दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसून केला होता.

औषध दुसऱ्या मजल्यावर शीतकपाटात होतं. डॉक्टर क्वान तिसऱ्या मजल्यावर होत्या. रेनी तळमजल्यावर बाकावर होती. मधे फक्त जिना होता.

"आम्ही इथंच रस्त्यापलीकडच्या मोटेलात थांबतो," हॉबर्ट मला म्हणाले. "दोन-तीन दिवसांत मिटेल ना?"

 या वेळी मी नुसती मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधली.

मला त्यांना माझा घरचा नंबर द्यायचा होता. मी पेन काढलंही. ब्रिल माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "लॉरेटा, देऊ नकोस. घरून बोललीस तरी ते कामच धरतील. चार वर्षं राहिलीत तुझ्या पेन्शनला." मी पेन परत पर्समध्ये टाकलं. नियमानं माझे हात बांधले होते वगैरे मी सांगणार नाही. मी घाबरले.

मग फोनवर ठेवायचा निरोप रेकॉर्ड केला. मजकूर वरून आलेला, एक शब्दही बदलायचा नाही. "सध्या सरकारी निधी उपलब्ध नसल्यामुळे मी कामावर नाही. निधी मंजूर झाल्यावर आपल्या निरोपाला उत्तर देईन." तीनदा रेकॉर्ड केला, दोनदा आवाज फाटला. खिडकीतल्या झाडाची कुंडी काखेत मारली आणि बाराच्या आत मागच्या दारानं बाहेर पडले. पुढच्या दारानं जायची हिंमत झाली नाही.

घरी टीव्ही होताच. एका बाजूचा पुढारी पायऱ्यांवर उभा राहून म्हणाला, आम्ही तसूभरही हलणार नाही. दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या पायऱ्यांवर उभा राहून तेच म्हणाला. दोघांचेही कपडे कडक इस्त्रीचे. त्यांच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी काही अडलं नसणार.

"मी बर्फात टपाल टाकलं, वादळात टाकलं," क्लॅरेन्स म्हणाला. "एका कुत्र्यानं पोटरीचा लचका तोडला तरी टाकलं. आणि ह्यांना एक सही टाकता येत नाही."

"बंद कर ते."

"बंदच आहे सगळं. अजून काय बंद करू?"

मला हसू आलं नाही. मग त्यानं खरंच टीव्ही बंद केला.

सोमवारी, सहा तारखेला, स्कॅनचे अठ्ठावीस दिवस भरणार होते. सकाळी उठून मी कोंबडीचा रस्सा केला आणि मक्याची भाकरी भाजली. पातेलं फडक्यात बांधून मोटेलकडे गाडी घेतली. मी सरकार म्हणून जात नाहीये, शेजारीण म्हणून जातेय, असं वाटभर स्वतःला बजावत होते. काय बोलणार होते कोण जाणे. बहुतेक माफी मागणार होते.

मोटेलच्या काउंटरवरची बाई म्हणाली, "केंटकीवाले? सकाळी सातलाच गेले. म्हातारबाबांनी जाताना खोली झाडून ठेवली हो. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे माणसं आहेत त्याला. तर म्हणाले, माणसं समोरच्या हॉस्पिटलातपण होती."

त्यांचा नंबर ऑफिसच्या संगणकात होता आणि संगणकाला हात लावणं गुन्हा होता. पातेलं तसंच परत आणलं. क्लॅरेन्सनं न बोलता दोन दिवस तोच रस्सा खाल्ला.

असे तेवीस दिवस गेले. मी खिडक्या पुसल्या, कपाटं आवरली, मोज्यांच्या जोड्या लावल्या. फोन वाजला की धावत जायची. पण घरचा नंबर दिलाच नव्हता तर वाजणार कोणाचा? रोज सकाळी मनात यायचं, तिकडे माझ्या टेबलावर माझाच आवाज त्यांना उत्तर देत असेल.

शेवटी मिटलं. कर्जमर्यादेची तारीख डोक्यावर आली आणि शेअर बाजार गडगडला, तसे दोघं पुढारी एका दुपारी मुकाट्यानं एका टेबलाशी बसले. रेनीच्या गाठीनं जे झालं नाही ते बाजाराच्या आकड्यानं झालं. फोटोत दोघं हात मिळवत होते आणि दोघंही सांगत होते की आम्ही जिंकलो. मंजुरी बारा डिसेंबरपर्यंतची होती. म्हणजे सात आठवड्यांनी पुन्हा हेच.

चोवीसला, शुक्रवारी, मी कुंडी घेऊन कामावर गेले. ब्रिलनी सगळ्यांसाठी गोड पाव आणले होते. बुडालेला पगार मिळणार आहे, असं ते प्रत्येकाला सांगत होते, जणू आम्हाला तेवढंच हवं होतं. मी दार लावून घेतलं आणि फोनचं बटण दाबलं. सोळा निरोप होते. त्यातले पाच केंटकीचे.

दोन ऑक्टोबर. "मिस लॉरेटा, हॉबर्ट टॅकेट. आम्ही मोटेलात आहोत, खोली नंबर चौदा. घाई नाही. म्हणजे आहे, पण तुमच्यावर नाही."

सहा ऑक्टोबर. "आज अठ्ठावीस दिवस भरले ना? मी वहीत लिहून ठेवलंय. आम्ही घरी निघतोय. उघडलं की सांगा, नऊ तासांत येतो. आठ तासांतसुद्धा येईन."

चौदा ऑक्टोबर. हा आवाज रेनीचा होता. "बाबा बाहेर लाकडं फोडताहेत म्हणून मी फोन केला. ते दिवसातून दोनदा तुमचा निरोप ऐकतात, काही बदललाय का बघायला. मला पाठ झालाय. माझ्या बसमधल्या पोरांपेक्षा तुम्ही बऱ्या म्हणता. ऐका, माझे डोळे पिवळे झालेत. बाबांना मी सांगितलंय की उजेडामुळे तसं दिसतं. तुम्ही सांगू नका."

वीस ऑक्टोबर.  पुन्हा हॉबर्ट. "इथल्या हॉस्पिटलात नवा स्कॅन केला. तुमचा वेळ वाचावा म्हणून. पाच पूर्णांक तीन आली. तुमची हद्द पाच ना? म्हणजे तीन मिलिमीटर. मिस लॉरेटा, मी चाळीस वर्षं करवतीवर होतो. तीन मिलिमीटर म्हणजे पात्याची जाडी हो. फळी कापताना तेवढं भुशातच जातं, कोणी धरतसुद्धा नाही. तुमच्या डॉक्टरांना एवढं सांगाल?"

तेवीस ऑक्टोबर. "उद्या उघडतंय असं ऐकलं. तुमच्यापुढे कामाचा ढीग असेल. आमचं सावकाश बघा."

मी फोन तसाच ठेवून जिना चढले. डॉक्टर क्वाननी सगळं ऐकून घेतलं. पात्याची जाडी ऐकली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"पाच म्हणजे पाच, लॉरेटा. हद्द बदलायला समितीची परवानगी लागते. समितीच्या तेवीस दिवसांतल्या सगळ्या बैठका रद्द झाल्या. आता पुढची डिसेंबरात. तीही त्यांनी पुन्हा बंद पाडलं नाही तर."

"डिसेंबरपर्यंत ती..."

"नाही," त्या म्हणाल्या.

मी खाली आले. पाणी प्यायले. वहीत नंबर नीट लिहून घेतला, गरज नसताना. मग फिरवला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"मिस्टर टॅकेट, मी लॉरेटा."

 "खरंच तुम्ही, की रेकॉर्ड?"

"मीच."

मी सांगितलं. समितीपर्यंतचं सगळं सांगितलं, गाळलं काही नाही. 

"पाच म्हणजे पाच," ते शेवटी म्हणाले. "बरोबर आहे. माप म्हटलं की असंच असतं. एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं."

"तुम्ही सव्वीसला येतो म्हणाला होतात. मी नको म्हटलं. माझी चूक झाली. माझ्यामुळे झालं हे."

"जेवण फार छान झालं हो त्या शनिवारी," ते म्हणाले. "रेनी नाचली. तिची आई गेल्यापासून मी तिला नाचताना पाहिलं नव्हतं." मग म्हणाले, "एक विचारू? ती सव्वीसची जागा, दहा वाजताची. ती मग कोणाला दिलीत?"

मी वहीतल्या नंबराखाली रेघ ओढली.

"रेनीच विचारत होती. काल रात्रीपासून तेच धरून बसलीय. म्हणते, आपली नाही तर निदान दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असेल. सरकार बंद व्हायच्या आत एक माणूस तरी आत गेला असेल. तेवढं कळलं तर तिला बरं वाटेल."

"हो," मी म्हणाले. "दिली."

"कोणाला?"

"ऑरेगनची एक मुलगी होती. रेनीच्याच वयाची."

"आणि कशी आहे ती?"

"सुधारतेय."

"देवाची कृपा!" ते म्हणाले. "मग वाया नाही गेली जागा. सांगतो हं तिला, आत्ताच सांगतो." पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि दूरवर त्यांची हाक ऐकू आली, "रेनी, अगं रेनी!"

मी फोन कानाला लावून तशीच बसले. समोर खिडकीत माझं झाड होतं. सव्वीस तारखेला दहा वाजता कोणीच आलं नव्हतं. हाताला काम नव्हतं म्हणून त्या तासात मी त्याची कुंडी बदलली होती.